समाचाराची माणसं

आमच्या घरात त्या वर्षी सर्वांत जास्त झिजली ती चहाची गाळणी. पितळी कड्याची, बारीक जाळीची ती गाळणी आईने लग्नानंतर स्वतःच्या पसंतीने घेतली होती आणि ती कुणाच्या हाती द्यायची नाही, असा तिचा नियम होता. आई आजारी पडली आणि नियम माझ्या हातात आला. सकाळी तापलेल्या दुधाचा वास अंगणापर्यंत पोचायच्या आत पहिलं माणूस दारात उभं असे, आणि दिवेलागणीला शेवटचं माणूस अंधुक उजेडात आपल्या चपला चाचपत पायरी उतरे, तोवर स्टोव्हवरचं आधण खाली येत नसे. आलं, गवती चहा, करपलेली साय आणि बोटांना चिकटून राहिलेलं रॉकेल, असा माझ्या अठराव्या वर्षाचा वास आहे. इतरांच्या अठराव्या वर्षाला मोगऱ्याचा वास असतो, असं मी कवितांतून वाचलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आजार आला तो एका दुपारी, दळण चाळताना. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी परात घेऊन बसली होती. चाळणीचा तो संथ, कोरडा, एका तालातला आवाज घरात भरून राहिला होता; इतका की तो ऐकू येत असल्याचं कुणाच्या लक्षातही नव्हतं. तो मधेच थांबला म्हणून मी पुस्तक मिटून बाहेर आले. आईचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे होते आणि चेहरा त्या हातांशी जुळवून घेतल्यासारखा झाला होता. "छातीत पाखरू शिरल्यासारखं झालंय," ती म्हणाली. "मी जाते बहुतेक." पिठाचे हात पदराला लागू नयेत म्हणून ते तिने हवेत तसेच उचलून धरले होते. जाणाऱ्या माणसाला पदराची काळजी आहे, हे पाहून मला तेव्हाही थोडा धीर आला.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, नाडी धरली, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली आणि सांगितलं की हृदय उत्तम आहे. "विश्रांती द्या," ते म्हणाले. "मनावर ताण येऊ देऊ नका." माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, आमच्याच गावात, भोरला, एका कचेरीत हेडक्लार्क होते. वरून आलेल्या आदेशाचा अर्थ लावायचा नसतो, तो अमलात आणायचा असतो, या तत्त्वावर त्यांनी सारी नोकरी केली होती. त्यांनी आईच्या हातातून एकेक काम काढून घ्यायला सुरुवात केली. आधी बादली गेली, मग विळी, मग चाळणी. तुळशीला पाणी घालणं श्रमाचं ठरलं. वर्तमानपत्रात अपघात असतात म्हणून वर्तमानपत्र बंद झालं. शेवटी आईकडे वेणी तेवढी उरली, आणि तीही मी घालून द्यावी, असं अण्णांचं मत पडलं. हवा खेळती हवी म्हणून तिची कॉट त्यांनी बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली लावून घेतली. त्या खोलीला रस्त्याकडचं दारही होतं. त्याचा विचार आदेशात झालेला नव्हता.

समाचाराला जाणं म्हणजे आजारी माणसाच्या विचारपुशीला जाणं. आमच्या भोरात हे कर्तव्य लग्नकार्याच्याही वरच्या दर्जाचं होतं. लग्नाला न जाण्याला एखादं कारण चालून जाई, समाचाराला न जाण्याला चालत नसे. नियम कुणी ठरवलेले नव्हते आणि म्हणूनच ते मोडण्याची सोय नव्हती. रिकाम्या हाताने जायचं नाही. चहा एकदा नको म्हणायचा आणि मग घ्यायचा. आजाराची हकिकत सुरुवातीपासून ऐकायची आणि ती रोग्याच्याच तोंडून ऐकायची. घरातल्या दुसऱ्या कुणी सांगितलेली धरली जात नाही. आणि उठण्यापूर्वी, आपल्या माहितीतलं, नेमकं याच दुखण्याचं, एक उदाहरण द्यायचं. येणारी सगळी माणसं प्रेमाने येत. हे मी उपरोधाने लिहीत नाही. प्रेम नसतं तर आम्हाला दार लावून घेता आलं असतं.

समोरच्या घरातल्या नलूताई पहिल्या आठवड्यात आल्या. मोसंब्यांची पिशवी त्यांनी कॉटच्या पायाशी ठेवली, आईचा हात हातात घेतला आणि डोळे भरून आणले.

"अगदी अस्संच हो, वहिनी. आमच्या जाऊबाईंच्या भावाला. तोसुद्धा पाखरूच म्हणाला होता."

"मग?" आईने विचारलं.

"मग काय. सकाळी चांगला बाजारातून मेथी घेऊन आला. निवडायला बसला बायकोबरोबर."

"आणि?"

"आणि काय, वहिनी." नलूताईंनी पदर नाकाला लावला. "मेथी तशीच राहिली."

पलीकडच्या आळीतले दामूकाका जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. ते रोग्याशी फारसं बोलत नसत. अण्णांकडून कार्डिओग्रामची पट्टी मागून घेऊन ते ती खिडकीच्या उजेडात धरत आणि चष्मा कपाळावर चढवून गुलाबी चौकटींवरून बोट फिरवत. अण्णा शेजारी उभे राहून वाट पाहत. "इथवर सरळ आहे," दामूकाका म्हणत. "इथं मात्र चढ घेतलाय. आणि हा उतार बघ, अण्णा. एकदम. असा उतार मला पसंत नाही." डॉक्टरांनी ठीक म्हटलंय, असं अण्णा सांगत. "डॉक्टर म्हणणारच," दामूकाका पट्टीची घडी घालत म्हणत, "जागेवर जाऊन पाहिलंय कुणी?"

आईची हकिकत दिवसेंदिवस बांधीव होत गेली. परात, चाळणी, पाखरू, पिठाचे हात. प्रत्येक गोष्ट आपल्या जागी येऊ लागली. दुसऱ्यांदा आलेली माणसं तिला दुरुस्त करू लागली. "मागच्या वेळी तुम्ही आधी घाम म्हणाला होतात, मग पाखरू," असं कुणी म्हणे आणि आई निमूटपणे घाम आधी घेई. घोटाळा एवढाच झाला की सांगता सांगता ती पिठाच्या हातांपाशी आली की तिचे हात खरोखरच गार पडत, ओठांवर पांढरी कड येई आणि श्वास अर्ध्यातून परत फिरे. पाहुण्यांना हे समोर पाहायला मिळे. त्यामुळे येणं वाढलं. येताना कुणी शहाळं आणी, कुणी गुळवेलीचा काढा, कुणी पायाला तूप चोळण्यासाठी काशाची वाटी. शक्तिवर्धक पावडरीचा एक डबा तर गावात इतका फिरत होता की तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या बुडाचा पोचा पाहून आई म्हणाली, "हा मीच मागच्या वर्षी नलूताईंच्या सासूबाईंना दिला होता." आजारपणात तिने स्वतःहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं.

आज समाचार मोबाईलवर येतो. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा शुद्धीवर येऊन पाहते तो जोडलेल्या हातांची पिवळी चित्रं पडद्यावर रांगेने उभी होती. त्यांना चहा द्यावा लागत नाही. माझी नात म्हणते की तुझ्या आईला जे होत होतं त्याला आता नाव आहे, आणि ते नाव ती अशा सहजपणे घेते जसं आम्ही पडशाचं घेत असू. नाव असणं ही मोठी सोय आहे. आमच्याकडे तेव्हा 'जीव घाबरतो' एवढंच होतं, आणि जीव घाबरण्यावर काशाच्या वाटीच्या पलीकडे उपाय नव्हता.

दिवाळी झाली. फराळाचं ताट आणि समाचार एकाच खेपेत उरकता येतो म्हणून त्या दिवसांत गर्दी विशेष होती. आईची झोप मात्र पितृपक्षात गेली ती आलीच नव्हती. ती डोळे मिटून पडे, पण पापण्यांच्या आत बुबुळं हलताना दिसत, बंद दाराआड कुणी येरझाऱ्या घालाव्यात तशी. गालांची हाडं वर आली. अण्णांनी मग एक निर्णय घेतला आणि तो जेवताना, कुणाकडे न बघता, आमटीला सांगितला: संक्रांतीपर्यंत वाट पाहायची, नाहीतर पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचं. पुण्याचे डॉक्टर म्हणजे कसले, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आईच्या हातातला घास मात्र ताटात परत गेला. डोक्याच्या आजाराच्या समाचाराला कुणी येत नसे. आमच्या आळीतल्या एका बाईंना तसं नेलं होतं, तेव्हा त्यांच्या दारासमोरून जाताना लोक पाय उचलून चालत, आणि त्या परत आल्यावर त्यांना हळदीकुंकवाला बोलवायला सारे विसरत गेले. माणसं येतात म्हणून आई खंगत होती, आणि ती यायची थांबतील या भीतीने आणखी खंगू लागली.

अशातच माझी थोरली मावशी समाचाराला आली. ती वेल्ह्याच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत दिलेली. घरी भात, म्हशी, कोंबड्या. दोघी बहिणींत शिकून गावात आली ती आई आणि मातीत राहिली ती मावशी. तिने खांद्यावरचं गाठोडं उतरवलं, बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली, नलूताईंची मेथीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि स्वयंपाकघरात येऊन अण्णांना म्हणाली, "दाजी, हिला दुखण्यानं काय बी व्हायचं न्हाई. ही मानसंच हिला घालवत्यात. मी नेती."

"तिथं शांतता आहे का?" अण्णांनी विचारलं.

"शांतता म्हंजी?"

"आवाज वगैरे नाही ना?"

मावशीने विचार केला. "म्हशी हायेत," ती म्हणाली. "त्या त्यांच्या टायमालाच वरडत्यात."

अण्णांनी परवानगी दिली. मी सोबत जायचं ठरलं. कॉलेज आधीच सुटल्यासारखं होतं. भोरहून नसरापूरला जाणाऱ्या एसटीत कंडक्टरने आईचा चेहरा पाहून काय झालं विचारलं, पुढच्या बाकावरच्या म्हातारबुवांनी मान मागे वळवली, आणि कापूरहोळ येईपर्यंत आईची परात, चाळणी, घाम आणि पाखरू सगळं सांगून झालं. नसरापूरला उतरताना एका अनोळखी बाईने तिच्या हातावर संत्रं ठेवलं. पुढच्या गाडीत मावशीने आईला खिडकीशी बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला असं अंग टाकून बसली की कुणाला आत डोकावता येऊ नये.

वाडीतल्या पहाटेचा वास मला आजही जिभेवर येतो: दव पडलेला पेंढा, शेणाचा ओला धूर, नव्या आंबेमोहोराचा भात उतू जाताना चुलीच्या निखाऱ्यांवर सांडलेली पेज. सूर्य वर आला तरी डोंगराची सावली खळ्यावरून उठत नसे. ती निजलेल्या जनावरासारखी हळूहळू एकेक पाय काढून घेई. मी पहिल्या सकाळी अंगणात उभी राहून मनाशी म्हटलं की इथे आईला नक्की झोप लागेल. इतक्यात फाटकाशी चार बायका दिसल्या. एकीच्या हातात अंडी होती. शांततेची आमची कल्पना भोरला बसून केलेली होती. वाडीत समाचार तसाच होता, चहा तेवढा गुळाचा होता. भोरचे लोक विचारत, इथले थेट सांगत. "बाहेरचं हाय," एकजणी म्हणे. "बाहेरचं कसलं, वात हाय," दुसरी म्हणे, आणि दोघी आईच्या डोक्यावरून भांडत. आई पिठाच्या हातांपाशी आली की इथेही तिचे हात गार पडत.

असेच दिवस चालले असताना मावशीने एका सकाळी आईला सांगितलं, "आज हौसाबाईकडं जाऊन ये. बांधावरनं घसरली, पाय मोडलाय तिचा. तू गावात येऊन तिच्या समाचाराला गेली न्हाईस, तर मला जल्मभर बोलंल ती."

"अगं, मी आजारी आहे," आई म्हणाली.

"मंग? ती बी आजारीच हाय की."

शिष्टाचार मोडण्याइतकी ती आजारी नव्हती. तिने लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या, संत्रं पदराखाली घेतलं आणि आम्ही निघालो. कित्येक आठवड्यांनंतर ती कॉट सोडून एवढी चालत होती.

हौसाबाई वाडीच्या टोकाला पडवीत बसलेल्या असत. अंगाने सुकलेल्या, आवाजाने मुळीच नाही. प्लास्टर घातलेला पाय पालथ्या पाटीवर ठेवलेला, बाजूला काठी, पुढ्यात पावट्याच्या शेंगांचा ढीग आणि सूप. मुलगा आणि सून रानात गेलेली. आम्ही दिसताच त्यांनी डोळे बारीक केले आणि दीर्घ श्वास घेऊन सुरुवात केली, "काय सांगू, बांधावर शेवाळ हुतं..." आई खाली बसली. प्रश्न विचारायची पाळी तिची होती. तिने तोंड उघडलं, हौसाबाईंकडे पाहिलं, आणि मिटलं. मग सूप आपल्याकडे ओढून तिने एक शेंग उचलली. हौसाबाईंचं वाक्य शेवाळावरच थांबलं. त्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होत्या. तो येत नाही असं दिसल्यावर त्यांनीही एक शेंग उचलली. शेंगेची शिवण उसवल्याचा ओला, बारीक आवाज, मग दाणे सुपात पडल्याचा. हिरव्या सालीचा उग्र वास बोटांवरून हळूहळू वर येत राहिला. सावली पायरीवरून खाली सरकली. आम्ही उठलो तेव्हा हौसाबाई एवढंच म्हणाल्या, "उद्या येतीस का?"

आई गेली. परवाही गेली. मग रोजच जाऊ लागली. मावशीने तिला विचारलं, "काय बोलता गं दोघी येवढं?" आई म्हणाली, "काही नाही." मावशीला हे पटलं नाही. वाडीत कुणालाच पटलं नाही. दोन बायका रोज बसतात आणि बोलत नाहीत याचा अर्थ त्या वाईटच काहीतरी बोलत असणार, असा सर्वसाधारण निष्कर्ष निघाला. हौसाबाईंना मुळात शांततेची आवड होती असं म्हणवत नाही. त्यांना समाचाराला येणाऱ्यांचा वैताग आला होता, कारण ते त्यांचा गूळ संपवत आणि पाय कसा मोडला हे त्यांनाच समजावून सांगत. आई काहीच मागत नव्हती आणि वर पावटे सोलून देत होती. हौसाबाईंच्या बाजूने व्यवहार चोख होता. आई जेवू लागली. चालताना तिचा पदर पुन्हा खोचलेला दिसू लागला. झोप मात्र येईना. डोळ्यांखाली काळं वर्तुळ तसंच होतं, आणि संक्रांत जवळ आली.

अण्णा आले ते भोगीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या एसटीने. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि हातात कागदपत्रांची पिशवी होती. मावशीने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो घेण्याआधी त्यांनी विचारलं, "झोप?" मावशीने नकारार्थी मान हलवली. अण्णा पाणी प्यायले. पुण्याचा नंबर लावून ठेवला होता. याच गाडीने परत भोरला, आणि सकाळी पुढे. गाडी वरच्या गावाला जाऊन वळून येईपर्यंत वेळ होता. आई हौसाबाईंकडे गेलेली. मी आणि अण्णा तिला आणायला निघालो. वाटेत ते फक्त एकदा म्हणाले, "तिला सांगताना तू बोल. मला ते वाक्य नीट जमत नाही."

हौसाबाईंच्या अंगणात माणसं बसलेली होती. समाचारालाच आलेली असावीत: सातआठ बाया, एक म्हातारा, त्याच्या मांडीवर पपई. पण सगळी पडवीकडे पाठ करून, अंगणात, उन्हात बसली होती आणि कुणी बोलत नव्हतं. मी त्या वाडीत एवढी माणसं गप्प बसलेली कधी पाहिली नव्हती. पडवीच्या दारात हौसाबाई बसल्या होत्या, काठी चौकटीला आडवी लावून. अण्णांना पाहताच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"हळू, पावणं," त्या म्हणाल्या. "निजलीया."

त्यांच्या मागे, त्यांच्याच गोधडीवर, आई कुशीला वळून झोपली होती. एक हात गालाखाली, दुसरा सुपाच्या काठावर पडलेला, मुठीत अर्धी सोललेली शेंग. तोंड किंचित उघडं. श्वास पूर्ण आत जात होता आणि पूर्ण बाहेर येत होता. मी पापण्यांकडे पाहिलं. त्या स्थिर होत्या.

"कधीपासून?" अण्णांनी विचारलं.

"जेवान झाल्यावं लवंडली. ह्ये सगळे माज्या समाचाराला आल्याले. आत सोडलं न्हाई कुणाला. म्हनलं, आत आजारी मानूस निजलंय, गप बसायचं आसंल तर बसा." हौसाबाईंच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी मनासारखं घडल्याचं समाधान होतं. "माजी बी कटकट गेली."

"गाडी येईल आता," अण्णा म्हणाले. "सकाळी पुण्याचा नंबर आहे. डॉक्टरांचा."

"मंग उठवा." हौसाबाईंनी काठी बाजूला केली. "तुमचंच मानूस हाय."

अण्णांनी एक पाय पायरीवर ठेवला. अंगणातली सगळी माणसं आता मान वळवून त्यांच्याकडे पाहत होती. म्हाताऱ्याने पपई दुसऱ्या मांडीवर घेतली. अण्णा तसेच उभे राहिले. ते आईकडे पाहत होते. तिच्या पोटावरचा पदर वर जात होता आणि खाली येत होता, आणि तेवढंच पाहायला ते वाडीपर्यंत आले असावेत, तसे पाहत होते. मग त्यांनी पाय मागे घेतला, पिशवी भिंतीला टेकवली, इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि अंगणात, पपईवाल्या म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसले. हौसाबाईंनी आईच्या हाताखालचं सूप अलगद ओढून त्यांच्यापुढे सरकवलं. अण्णांनी जन्मात शेंग सोललेली नव्हती. त्यांनी पहिली शेंग पत्राचं पाकीट फोडावं तशी फोडली.

खालच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. गाडी थांबल्याचा, मग पुन्हा सुटल्याचा आवाज आला. चढावर गिअर बदलताना ती नेहमीसारखी कण्हली आणि आवाज वळणाआड गेला. अण्णांनी मान वर केली नाही.

पुण्याला आम्ही गेलो, हे इथे लिहून ठेवायला हवं. एका दुपारच्या झोपेने असा आजार जात नाही आणि पावट्याच्या शेंगा हे औषध नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलो, आणि आईने स्वतःच तारीख सुचवली. ते डॉक्टर मृदू होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. गोळ्या लहान, पांढऱ्या होत्या आणि त्यांनी फायदा झाला. परतल्यावर नलूताईंनी कुठे गेला होतात असं विचारलं तेव्हा आईने कुठे ते सांगितलं. नलूताईंना त्या आजाराचं उदाहरण आठवेना. पुढे आयुष्यात मलाही एकदा तशा डॉक्टरांकडे जावं लागलं, आणि त्या दारातून आत जाताना मला पाय उचलून चालावंसं वाटलं नाही, याचं श्रेय मी आईला देते. पण तो फार पुढचा भाग आहे.

त्या दुपारी ऊन अंगणातून निघून गेलं, गार वारा सुटला, तरी कुणी उठलं नाही. एक बाई आली, तिने काय झालंय असं खुणेनं विचारलं, तिला खुणेनंच बसायला सांगण्यात आलं आणि तिच्या ओंजळीत शेंगा देण्यात आल्या. चहा कुणी केला नाही. पाखरं परतू लागली. गोठ्यातली म्हैस तिच्या वेळेला ओरडली, तेव्हा सगळ्यांनी एकदम गोठ्याकडे रागाने पाहिलं.

आई उठली ती अंधार पडायच्या जरा आधी. गालावर गोधडीचे टाके उमटले होते. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थबकली. समोर अंगणभर माणसं, सगळी गप्प. मधे तिचा नवरा, बाह्या दुमडलेला, सालींच्या ढिगात. ती माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने पाहत राहिली.

"काय झालं?" तिने विचारलं. "कोण आजारी आहे?"

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग सवयीने, घरातला माणूस म्हणून, अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी हातातल्या शेंगेकडे पाहिलं.

"हौसाबाई," ते म्हणाले. "त्यांचा पाय मोडलाय."

"ते मला माहीत आहे," आई म्हणाली. ती पायरी उतरून त्यांच्यासमोर बसली, वाकून सुपात बोटं फिरवली आणि नाक मुरडलं. "हे कुणी सोललेत? किडके तसेच टाकलेत यात."

अण्णांनी सूप तिच्याकडे सरकवलं.